डाव्या हाताच्या कळा

झटक्यानंतर बाबांची वाचा गेली आणि उजवा हातही. जन्मभर टायपिस्ट म्हणून काम केलेला माणूस खुणा करून पाणी मागतोय, हे मला बघवेना. म्हणून दोन भागांत येणारा छोटा कीबोर्ड आणला आणि त्याचा डावा भाग त्यांच्यासाठी जुळवायला घेतला.

दोन महिने ऑफिसचं काम आटोपलं, की वरच्या खोलीत हाच उद्योग. जेवणाचं ताटसुद्धा वरच न्यायचो. सगळी अक्षरं पाच बोटांच्या टप्प्यात बसवली. वरच्या ओळीत पाणी, औषध, पंखा, दुखतंय. एक कळ दाबली, की निरोप थेट त्यांना सांभाळणाऱ्या ताईंच्या फोनवर.

"बघा बाबा, आता तुमचं काही म्हणता काही अडणार नाही," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी एकेक कळ दाबून पाहिली, कौतुकानं मान डोलावली. मग चाचपडत, अक्षर अक्षर शोधत टाइप करू लागले. कीबोर्डला जोडलेल्या टॅबच्या पडद्यावरची ओळ पुरी झाली, तशी माझी मान खाली गेली.



"तुला हाक मारायची कळ कोणती?"