तिसरं कोटेशन

"तिसरं कोटेशन हातात आल्याशिवाय अंगठी घेता येणार नाही," महेशने पाचव्या रविवारीही सांगितलं.

सुनयनाने काउंटरवर कोपर टेकलं. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये ती आठवडाभर परक्यांच्या तक्रारी ऐकायची आणि रविवारी, सुट्टी म्हणून, महेशबरोबर मॉलमध्ये यायची. मॉल नवाकोरा होता. बाहेर सरकत्या जिन्यापाशी माणसं पहिलं पाऊल टाकण्यासाठी धीर गोळा करत उभी होती. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता आणि बोटात घालायला अजून काही नव्हतं.

अंगठी समोरच होती, मखमलीच्या डबीत. जरा वाकडी होती. कुणीतरी चुकून तिच्यावर बसल्यासारखी. पैसे त्या वाकडेपणाचेच होते, कारण तो एका मोठ्या डिझायनरने मुद्दाम आणला होता. आतून त्याची सहीही होती. भिंगातून दिसायची.

"सर, डिझायनर पीस है," सेल्समन म्हणाला. पाच रविवारांत तो बराच म्हातारा झाला होता. "दूसरी दुकान में मिलेगा ही नहीं. तीन कोटेशन कहाँ से आएँगे?"

"वही तो दिक्कत है," महेश सहानुभूतीने म्हणाला.

महेश राजधानीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात होता. अकरा वर्षं झाली. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तक्ता करायचा आणि सर्वांत स्वस्त असेल ते घ्यायचं. महाग घ्यायचंच झालं तर कारण लिहून द्यायचं, आणि ते पुढे ऑडिटवाल्यांना पटलं पाहिजे. या धास्तीने त्याने आजवर एक पंखासुद्धा महागातला घेतला नव्हता. अख्खं ऑफिस स्वस्त पंख्यांखाली घाम पुसत बसायचं, पण फाइल स्वच्छ होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्येही हाच कायदा. तीन गाड्यांवर विचारल्याशिवाय भेंडीला घरात प्रवेश नव्हता.

"महेश, यार, हे तुझं ऑफिस नाहीये. घ्यायची नसेल तर सरळ नाही म्हण ना."

"नाही कुठे म्हणतोय? प्रक्रियेत आहे."

"आणि मी?"

"तू काय?"

"काही नाही."

"वरच्या मजल्यावर एक दुकान राहिलंय," महेश म्हणाला. "साधारण अशीच वाकडी दाखवा म्हणून सांगतो. फाइल सांभाळ." लग्नाच्या सगळ्या कोटेशनांची जाड फाइल काउंटरवर ठेवून तो गेला.

बस्स झालं, सुनयनाने ठरवलं. आयुष्यभर प्रक्रियेत राहायचं नाही. ऑटो करायची, द्वारकेला घरी जायचं आणि आईला सांगायचं, हॉल रद्द करा. निरोप फाइलमध्येच लिहून ठेवावा, कारण दुसरीकडे लिहिलेलं महेश वाचेल याची खात्री नव्हती. तिने सेल्समनकडून पेन घेतलं आणि कोरं पान शोधू लागली.

कोरं पान मिळालं नाही. सगळ्यात खाली मात्र एक जुना तक्ता लागला. विषय: विवाह. प्रकरण खासगी असल्यामुळे मराठीत.

तीन रकाने होते. क्रमांक एक, कु. माधवी, ग्वाल्हेर. अपेक्षा: काही नाही. क्रमांक दोन, कु. कृतिका, पुणे. अपेक्षा: दिवाळीला माहेरी. क्रमांक तीन, कु. सुनयना, द्वारका. तिच्या अपेक्षा रकान्यात मावल्या नव्हत्या म्हणून पुरवणी जोडली होती. गुडगावला वेगळं घर. दिवसाआड स्वयंपाक नवऱ्याने. शिफ्टबद्दल सासूबाईंनी चकार शब्द काढायचा नाही. डिझायनर अंगठी.

सुनयनाची कानशिलं तापली. म्हणजे हा माणूस बायकोसुद्धा तक्त्यातून घेत होता! पण पुरवणीतलं सगळं तिचंच होतं, शब्दाला शब्द. पोह्यांच्या बशीसमोर ती हे एका दमात बोलली होती, स्थळ आल्या पावली परत जावं म्हणून. त्या महिन्यातलं ते चौथं स्थळ होतं आणि तिला झोपायचं होतं. दोन दिवसांनी होकार आला तेव्हा तिला वाटलं होतं, माणसाने नीट ऐकलेलंच दिसत नाही.

त्याने सगळं ऐकलं होतं. अपेक्षांना क्रमांकही घातले होते.

तक्त्याखाली टिप्पणी होती. "नियमाप्रमाणे क्रमांक एक मंजूर व्हायला हवा. शिफारस: क्रमांक तीन. कारण: देता येत नाही." खाली महेशची सही. तारीख पोह्यांच्याच दिवसाची.

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

"मॅडम, वापस रख दूँ?" सेल्समनने जांभई दाबत विचारलं.

इतक्यात महेश रिकाम्या हातांनी परत आला. "त्यांच्याकडच्या सगळ्या सरळ आहेत," तो म्हणाला. मग कुठलं पान उघडं आहे ते त्याला दिसलं आणि दारात ऑडिट उभं राहिल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"हाँ भैया, रख दो," सुनयना म्हणाली. तिने पुरवणीतल्या 'डिझायनर अंगठी'वर आडवी रेघ मारली. "बाकीचं तसंच राहील. स्वयंपाकसुद्धा."

महेश त्या रेघेकडे बघत राहिला.

"खोडलं की शेजारी सही लागते," शेवटी तो कसाबसा म्हणाला.

सुनयनाने सही केली. तारीख महेशने घातली.