बिनखटक्याचा चाकू

"उघडून दाखव," चौकशीला आलेले साहेब म्हणाले.

टेबलावर तीन घडीचे चाकू मांडले होते. थोरल्याने मधला उचलला. डाव्या हाताने उचलला, कारण उजव्याची दोन बोटं आता लाकडासारखी ताठ होती. पात्याच्या बुडाशी एक छोटी खुंटी होती. तिला अंगठा लावताच पातं सुळकन बाहेर आलं आणि आत खटका बसला. साहेबांनी चाकू घेऊन पातं उलटं दाबून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"हा तर मिटत नाही. मग बोटं कापली कशी?"

"तेच म्हणतो साहेब," फोरमन म्हणाला. "दोन वर्षं शेडमध्ये हेच चाकू आहेत. यानेच खटका नीट बसवला नसणार. याला कायम घाई."

थोरल्याला हसू आलं. डोकं फिरलं की त्याला हसू यायचं. चूक कंपनीची की त्याची, ते आज ठरणार होतं. त्याची ठरली तर नोकरी गेली, आणि वर 'निष्काळजी' असा शिक्का. तो घेऊन फिरणाऱ्याला दुसरा कुठला कारखाना दारात उभा करत नाही.

तयारी त्याची पक्की होती. सकाळी बायकोने इस्त्रीच्या शर्टाची बटणं लावून दिली होती. धाकटा भाऊ तर उजाडताच नेलकटर घेऊन हजर. "दादा, हे असे हात घेऊन साहेबांपुढे जाणार? आण इकडे." थोरल्याचा डावा हात मांडीवर घेऊन त्याने एकेक नख काढलं, लहान पोराचं काढावं तसं, आणि घासून गुळगुळीतही केलं. तीन आठवडे थोरल्याला ते जमत नव्हतं. "बघा, मला नाही सुचलं ते भावजींना सुचलं," बायको म्हणाली. थोरल्याचे डोळे भरून आले होते. धाकट्याला शेडमध्ये त्यानेच चिकटवला होता. सहा वर्षं तात्पुरता राबला बिचारा. कालच कायम झाला.

"साहेब, हा चाकू मी आज पहिल्यांदा बघतोय," थोरला म्हणाला. त्याने कडेचा जुना चाकू पुढे सरकवला. "आमचा हा. याला खटका नाही, पाठीत नुसती स्प्रिंग. रबरी चटईची कड कापताना टोक रुतलं, मी रेटा दिला आणि हा मिटला. माझ्या बोटांवर."

"आणि हा तिसरा?"

"तो पाठीवर दाबल्याशिवाय मिटत नाही. भारीतला आहे. तो फोरमनसाहेबांच्या खिशात असतो, सफरचंद सोलायला. कंपनीला सफरचंदाची काळजी फार."

मागच्या बाकावरच्या साक्षीदारांपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"शेडमधले चाकू मी परवा तपासले," साहेब म्हणाले. "सगळे खटक्याचे निघाले."

"आदल्या दिवशी बदलले साहेब."

"पुरावा?"

थोरल्याने जुन्या चाकूकडे पाहिलं. पात्यावर नखाएवढी खाच होती. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या चाकूला खुंटी नाही. खाचेत नख घालून पातं ओढावं लागतं. म्हणून शेडमध्ये नवा माणूस पहिल्याच आठवड्यात शिकायचा की नऊ नखं काढ, डाव्या अंगठ्याचं राख. ते तुटलं की दिवसभर दुसऱ्याकडून चाकू उघडून घ्यायचा आणि वर ऐकून घ्यायचं, "काय नवरीबाई, नख मोडलं?" सतरा माणसं, सतरा नखं. चाकू एका दिवसात बदलतात. नख तेवढं वाढायला महिना-दीड महिना जातो.

"पुरावा यांच्या हातावर आहे साहेब!" तो जवळजवळ ओरडलाच. त्याने सगळं समजावून सांगितलं. "यांचे डावे अंगठे बघा!"

"बघा की," फोरमन शांतपणे म्हणाला.

बाकावर तिघे साक्षीदार होते. पहिला 'रेडिओ'. शेडमध्ये दिवसभर वाजणारा तो माणूस आज बंद होता. त्याने हात टेबलावर ठेवला. अंगठ्याचं नख मुळापर्यंत काढलेलं. खालची कातडी पांढरीफटक, उघडी पडलेली. दुसरा शेडमधला सगळ्यात जुना कारागीर. त्याने इतक्या घाईत नख काढलं होतं की कडेला रक्त साकळलं होतं. त्याने मान वर केलीच नाही.

"कुठे आहे तुझा पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"काढलीत साहेब यांनी! काढायला लावलीत! तिसरा माझा सख्खा भाऊ आहे, तो सांगेल. ऊठ रे, सांग."

धाकटा उठला. हात पाठीमागेच होते.

"चाकू हाच आहे साहेब. खटक्याचा. दोन वर्षं झाली." मग भावाकडे न बघता तो हळूच म्हणाला, "दादा, दोघांपैकी एकाची तरी नोकरी राहू दे ना."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि ते थांबले. माणूस वाईट नव्हता.

"बरं, यांचं राहू दे. तुझं स्वतःचं नख दाखव."

थोरल्याने डावा हात टेबलावर ठेवला. पाची नखं गोल, गुळगुळीत, एकसारखी. तो त्या हाताकडे बघत राहिला. सकाळी हाच हात धाकट्याने मांडीवर घट्ट धरला होता. त्या धरणाऱ्या डाव्या हाताचा अंगठा तेव्हा अगदी डोळ्यांसमोर होता, पण तो दिसला आत्ता.

त्याचं नख आधीच काढलेलं होतं.