पूर्ण वाक्य

फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. मॅनेजरसाहेबांनी आणखी एका ओळीखाली लाल रेघ ओढली होती.

"बाई, हे वाक्य नाही. तुकडा आहे."

मोठी जाऊ टेबलासमोर उभी होती. लाँड्रीत दोघी जावा इस्त्रीच्या एकाच रोलरवर चादरी घालायच्या. मंगळवारी धाकटीचा हात चादरीबरोबर आत गेला. तात्पुरती मलमपट्टी करून तिला घरी पाठवलं. अपघाताचा फॉर्म इंग्रजीत भरून जमा झाल्याशिवाय कंपनीच्या दवाखान्यात पुढचे उपचार होणार नव्हते. चार दिवस झाले, धाकटी हात उशीवर ठेवून, भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मोठीने आधी लिहिलं, 'हँड इन रोलर.' साहेब म्हणाले, क्रियापद कुठाय? मग लिहिलं, 'बर्न्ड व्हेरी बॅडली.' कर्ता कुठाय? शेवटी शाळकरी लेकीचं व्याकरणाचं पुस्तक पुढ्यात घेऊन तिने लिहून आणलं, 'बिकॉज द गार्ड वॉज रिमूव्हड.' कारण रोलरवरची जाळी काढलेली होती.

"कर्ता आहे, क्रियापद आहे. आता काय राहिलं साहेब?"

"बिकॉजने सुरुवात केलीत, मग पुढे काहीतरी यायला नको? अर्धंच लटकलंय ते." साहेबांनी स्वतःच 'बिकॉज' खोडलं. "द गार्ड वॉज रिमूव्हड. झालं! पूर्ण वाक्य."

मोठीने ओळ पुन्हा वाचली.

"पण जाळी काढली कोणी, ते यात कुठाय?"

"व्याकरणाला त्याची गरज नसते."

चादरी अडकतात, काम रखडतं म्हणून जाळी कोणी उतरवायला लावली, ते अख्ख्या खात्याने पाहिलं होतं. ती टेबलावर वाकली आणि एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, 'द मॅनेजर रिमूव्हड द गार्ड.' शेवटी ठसठशीत फुलस्टॉप दिला.

"आता बघा. झालं का पूर्ण?"

साहेबांनी दोनदा वाचलं. चूक निघेना. मग त्यांनी फॉर्म उलटून पाहिला.

"हा फॉर्मच जुना आहे. नवे छापून यायचेत. सोमवारी या."

मोठीने भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली आणि साहेबांच्या अगदी समोर बसली.

"छापून येऊ द्या. मी थांबते."