ढोकीच्या चौकातला फ्लेक्स

"साहेब, माणसं येतच राहिलीत," फाटकावरून सिद्धारामचा फोन आला, तेव्हा कृष्णराज पुन्हा एकदा शर्ट खोचत होता.

"कुठली?"

"ढोकीची. ट्रॅक्टर भरून. मागून जीपगाड्या."

कृष्णराज खिडकीशी गेला, परत टेबलाशी आला, पुन्हा खिडकीशी गेला.

अजामृत लाइफसायन्सेस ही धाराशिवची, शेळ्यांच्या लसी बनवणारी कंपनी. तिथं लस टिकायची, माणसं टिकायची नाहीत. शिकायची आणि पुण्याला जायची. म्हणून कृष्णराजला आणलं होतं: ब्रँड गिऱ्हाइकाला पटवतात तसा कामगारांना पटवायचा. त्यानं चहाचे मग वाटले, टोप्या वाटल्या, कंपनीचं गीतही बसवलं. मगमधून चहा प्यायला गेला, टोप्या उन्हात वापरल्या गेल्या, गीत कुणी म्हटलं नाही. आज मालक इंद्रजितसाहेब पाहणीला येणार होते. आजही आपलेपणा दिसला नाही, तर कृष्णराजचा विभाग बंद. विभागात तो एकटाच होता.

शेवटचा डाव म्हणून पहाटे त्यानं ढोकीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावून घेतला होता. कामगाराचा मान त्याच्या गावात. पुण्याच्या एजन्सीनं सगळा भडकपणा काढून टाकला होता. गुलाबी ढग नाहीत, कडेला पुढाऱ्यांची मुंडकी नाहीत. ढोकीहून कामाला येणाऱ्या धनाजीचा काळा-पांढरा चेहरा, खाली नाव आणि 'अजामृत परिवार'. बस.

धनाजीला पत्ताच नव्हता. रात्रपाळीला आलेला तो अजून लस भरायच्या निर्जंतुक खोलीतच होता. तिथं मोबाइल नेता येत नाही आणि बॅच अर्धवट टाकून बाहेर येता येत नाही. बॅच संपली की त्याला थेट फाटकाशी घातलेल्या स्वागताच्या मांडवात आणायचं, असा बेत.

"धनाजीचं कुणी विचारलं का रे?" कृष्णराजनं फोनवरच विचारलं.

"सगळेच विचारायलेत. पर म्या तोंड उघडलं न्हाय. तुमीच सांगितलाव न्हवं? मान खाली घालून गप ऱ्हायलो."

"शाब्बास!"

इंद्रजितसाहेबांची गाडी आली. गर्दी न सांगता बाजूला सरली. घोषणा नाहीत, सेल्फी नाहीत. बाया एका अंगाला बसलेल्या, पुरुष टोप्या हातात धरून उभे.

"ही आपल्या कामगारांच्या घरची माणसं?"

"एकाच कामगाराच्या, सर. आणि त्याचा गाव."

"बोलावलंत?"

"नाही सर. आपणहून आलेत."

इंद्रजितसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुण्यात बोनस वाटला तरी असं कुणी उभं राहत नाही. कृष्णराज, तुम्ही आता कायम."

कृष्णराजनं हात जोडून साहेबांचे आभार मानले. त्याच भरात तो पुढं झाला. सगळ्यांच्या पुढं धनाजीचे मामा, गुंडप्पा, उभे होते.

"मामा, दोन शब्द बोला की. साहेबांना तुमच्या तोंडून ऐकू द्या."

गुंडप्पांनी घसा खाकरला. इमारतीकडं पाहिलं. मग मागं, बायांच्या घोळक्यात बसलेल्या बहिणीकडं, नागूबाईकडं पाहिलं.

"आमी भांडाया न्हाय आलाव, साहेब," ते हळू म्हणाले. "पर पोराच्या आईला उन्हात लई वेळ बसवू नका. मयत कवा ताब्यात देताय, तेवढं सांगा."