हवेचा स्क्रू

"काकी, एक थेंब सांडू नको हां! इंजिन तापलेला आसा." लवूने मला बजावलं आणि मोबाईल कानाला लावला. धक्क्यावर त्याचे पर्यटक खोळंबले होते आणि भर खाडीत त्याच्या बोटीतलं पेट्रोल संपलं होतं. जवळ फक्त माझीच होडी.

मंगळवारी माझं जाळं त्याच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलं, तेव्हा मी जीव तोडून ओरडत होते, "थांब, सोडवते!" "माका टायम नाय," म्हणत त्याने सुरी काढली आणि अख्खा पावसाळा बसून विणलेलं जाळं दोरासकट कापून टाकलं.

मी इंजिन गार होऊ दिलं. नरसाळ्याभोवती फडकं गुंडाळलं, माझा कॅन तिरपा केला आणि पेट्रोल बारीक धारेने सोडलं. एक थेंब सांडला नाही. मग झाकण लावलं. झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो सैल ठेवला नाही तर टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिन पाच मिनिटांत गुदमरतं.

मी तो करकचून पिळला.

लवूने वाकून फक्त सांडलंय का तेवढं पाहिलं. "झकास, काकी!" म्हणत तो सुसाट निघाला.

पुढच्या वळणावर इंजिन बंद पडलं. ओहोटी लागली होती. मी पोचेपर्यंत त्याची बोट चिखलात रुतली होती.

"काकी, दोर टाक गो!"

मी होडी थांबवलीच नाही.

"दोर मंगळवारी तूच कापलास. आता भरती येईपर्यंत तुका टायमच टायम आसा!"