डेहराडूनची सून

दिल्लीच्या मैदानावर नेपाळचे राष्ट्रगीत सुरू झाले आणि इकडे एरंडोलजवळच्या शेतात, जाळापाशी बसलेली रूपा उठून उभी राहिली.

तिच्या हातात अर्धवट भाजलेले वांगे होते. ते देठाला धरून तिने दोन्ही हात अंगालगत सरळ सोडले होते. शेतघराच्या ओसरीवर टीव्ही मांडला होता आणि त्याच्यासमोर बाजांवर धुळ्याचे पाहुणे लोळत होते.

“बठ खाले,” सासू यशोदाबाई दातांतून म्हणाल्या. “लोक देखी राहिनात.”

रूपा बसली. मग भारताचे राष्ट्रगीत लागले. ती पुन्हा उभी राहिली.

“काय झालं हो सूनबाईला?” धुळ्याचे कापड व्यापारी रुपचंद यांनी उशीवरून मानही न उचलता विचारले.

“मुंगळा चावना,” यशोदाबाई म्हणाल्या.

“दोनदा? वारूळच दिसतंय तुमच्या शेतात!”

बाजांवर हशा पिकला.

आजचे भरीत रुपचंद यांच्यासाठी होते. त्यांच्या मुलाला यशोदाबाईंची लेक रोशनी पसंत पडली होती. जेवणे आटोपली की सुपारी फोडायची आणि लग्न पक्के करायचे, असे ठरले होते. ओसरीवरच्या ताटात नारळ, कुंकू, सुपारी आणि अडकित्ता मांडून ठेवला होता. त्या ताटाहून अधिक जपलेले एक खोटेही या घरात होते. यशोदाबाईंचा मुलगा झुलाल ट्रकच्या फेऱ्या करताना नेपाळच्या सीमेवरून रूपाला लग्न करून घेऊन आला, तेव्हा यशोदाबाईंनी भावकीत सांगून टाकले होते, सून डेहराडूनची आहे. तेव्हापासून घरात नेपाळचे नाव निघत नव्हते. रूपाच्या सणांना आणि गाण्यांना यशोदाबाई ‘थेरं’ म्हणत. आज तर त्यांनी तिला टीव्हीकडे पाठ करून बसवले होते.

मुलींच्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना होता. नेपाळच्या संघातली एकही मुलगी रूपाच्या ओळखीची नव्हती, तरी सकाळपासून तिचे कान टीव्हीकडेच होते. वांगी उलटण्याच्या निमित्ताने ती मान वळवून पाहून घेई. लाल कपड्यांतल्या त्या मुली तिच्याच नाकाडोळ्यांच्या होत्या. जे नाव तिला इतकी वर्षे ओठांवर आणता आले नव्हते, ते निवेदक मोठ्याने, आदराने, पुन्हा पुन्हा घेत होता. रोशनीने कोणी न सांगता आवाज आणखी वाढवला.

“यांचे बाप आमच्या मार्केटात रात्रभर पहाऱ्याच्या शिट्ट्या मारतात,” रुपचंद म्हणाले. “दिवाळी आली की हात पसरून दारात उभे. आणि पोरी निघाल्या जग जिंकायला! वा रे बहादूर!”

सात क्रमांकाची एक सडपातळ मुलगी पकडणाऱ्यांना हुलकावण्या देत खांबाभोवती निसटत राहिली. रूपाच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. रुपचंद यांनी तो ऐकला.

“काय सूनबाई, तुमच्या डेहराडूनकडं ही जमात पुष्कळ असेल ना?”

यशोदाबाईंचे डोळे रूपावर रोखले गेले. रूपाने ताटातल्या सुपारीकडे पाहिले, मग रोशनीकडे.

“असतात,” ती म्हणाली. “हमाली करायला येतात.”

“बघा! मी काय म्हणत होतो!” रुपचंद यांनी मांडीवर थाप मारली. सगळे हसले. रूपाने कापसाच्या पऱ्हाटीचे जळते काटूक हातानेच आत सारले. एकट्या यशोदाबाई हसल्या नाहीत.

नेपाळचा संघ हरला, आणि दणकून हरला. पाने वाढली गेली. रुपचंद यांनी भरीत पुन्हा पुन्हा मागून घेतले, हात धुतले, उपरण्याने मिशा पुसल्या.

“अक्का, पोरगी आमची झाली. फोडा सुपारी. फक्त एक आहे. लग्नात या सूनबाईला मांडवात पुढं करू नका, मागं स्वयंपाकाकडं राहू द्या. आमच्याकडं मोठमोठी माणसं येतील. चेहरा पाहून कुणी म्हणायला नको, रुपचंदनं वॉचमनच्या घरी सोयरीक केली.”

“मी मागेच थांबेन, आबा,” रूपा घाईने म्हणाली.

यशोदाबाईंनी रोशनीकडे पाहिले. रोशनी उठली, ताटातली सुपारी आणि अडकित्ता उचलून तिने आईच्या हातात दिला आणि रूपाच्या शेजारी जाऊन बसली. रुपचंद सावरून बसले. त्यांनी टोपी नीट केली.

“रुपचंदभाऊ,” यशोदाबाई म्हणाल्या, “डेहराडून मीच सांगेल व्हतं. मनी सून नेपाळनी शे. मुंगळा चावना नही व्हता. तिना देशनं गाणं लागनं, म्हनीन ती उभी राहिनी. मंग आपलं लागनं, तवयबी तीच उभी राहिनी. तुम्ही दोन्ही येळे लोळेल व्हतात.”

अडकित्त्यात सुपारी कटकन फुटली. रुपचंद यांचा हात सवयीने पुढे आला आणि तसाच हवेत राहिला. यशोदाबाईंनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा त्यांनी रूपाच्या काजळलेल्या तळव्यावर ठेवला.

“खाय,” त्या नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाल्या. “आन आते तिकडे तोंड कर. तुन्या पोरी पदक घाली राहिन्यात.”