लेकीची कादंबरी

लेकीची पहिली कादंबरी छापून हातात आली आणि बाबांचं डोकंच फिरलं. त्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाचा मुडदा पडलेला पाहून त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि खिशातून लाल पेन काढलं.

"एवढा नावाजलेला प्रकाशक, आणि ही घाण? कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडेच! जनाची नाही, मनाची तरी? शी!"

"अहो, एकदा नुसती वाचा तरी," आई आतून म्हणाली. पण पानापानाला बाबांचं तोंड कडू होत होतं. त्यांना कुठलं ऐकू यायला!

रविवारी लेक आली. खांद्यावरची पर्सही न उतरवता त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकली. बाबांनी पुस्तक तिच्यापुढे आपटलं. अंगभर गोवर उठल्यासारखं लालेलाल झालं होतं ते.

"बघ, काय करून ठेवलंय तुझ्या प्रकाशकाने! हात लावावासा वाटत नाही."

"चुकांचं राहू दे, बाबा," ती हळूच म्हणाली. "त्यातला बाप कसा वाटला तुम्हाला?"

बाबांनी नाक मुरडलं.

 

"तो? किळस आली मला त्या माणसाची! पोरगी जीव तोडून काहीतरी सांगतेय, आणि हा आपला तिच्या चुका काढत बसलाय. ते जाऊ दे, तू आधी हे चाळिसावं पान बघ."